फाटक्या नळीचा जबाब

मी एका जुन्या ट्रकच्या टर्बोची रबरी नळी बोलतेय. दंडाएवढी जाड, कोपरासारखी वाकलेली.

साच्यातून गरमागरम बाहेर पडले तेव्हा माझ्या काही अपेक्षा होत्या. टर्बो हवा दाबून देईल, ती मी इंजिनापर्यंत नेऊन पोचवीन, आणि कधी फाटलेच तर माणसं बॉनेट उघडून मला शोधतील. माणसांना डोकं असतं, असं कारखान्यात ऐकलं होतं. प्रत्यक्षात मी फाटले आणि त्यांनी ड्रायव्हरची पिशवी उघडली.

आमचे ड्रायव्हर म्हणजे काका. सगळ्या ट्रकअड्ड्याचे काका. चढ आला की गाडीला "चल गं बाई" म्हणणारे. त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षं इमानानं काम केलं. बाहेरून मी अजून धडधाकट दिसत होते, पण आतून तेलानं फुगले होते. एक दिवस मला आवळून धरणाऱ्या क्लिपच्या खालच्या अंगाला, जिथे कुणाची नजर पोचत नाही नेमकी तिथे, मला चीर गेली.

गाडी उभी असली की चीर ओठ मिटून बसायची. चढाला लागली, टर्बोनं दाब दिला, की उघडायची आणि शिट्टी वाजायची. बरीचशी हवा वाटेतच पसार. इंजिनाला डिझेल भरपूर आणि हवा तोकडी. मग अर्धवट जळलेलं डिझेल काळा धूर होऊन मागून बाहेर. गाडी ओढत नाही म्हणून काका पाय आणखी दाबणार, म्हणजे डिझेल आणखी जाणार.

आणि माझी शिट्टी ऐकून अड्ड्यावरची मंडळी म्हणायची, "काय दम आहे राव तुमच्या गाडीत."

"टर्बो जिवंत आहे, बाबांनो," काका मिशीवरून हात फिरवायचे.

मी बोंबलत होते आणि लोक दाद देत होते.

दाद न देणारे एकच, आमचे शेठ. तेवढ्याच अंतराला डिझेल जास्त का लागतं, हा त्यांचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मात्र त्यांनी प्रश्नाआधीच ठरवलं होतं. "डिझेल काय पाय फुटून चालत जातं? कोणीतरी नेतंय."

त्याच सुमाराला शेठची लेक लांबचं शिक्षण संपवून घरी परतली. तिला अड्डा सुधारायचा होता. पहिल्या आठवड्यात तिनं ड्रायव्हरांना इंधनबचतीवर व्याख्यान दिलं; दोघं झोपले, काका मान डोलवत राहिले. मग ताई म्हणाली, "बाबा, संशय नको, पारदर्शकता हवी," आणि टाकीला कुलूप बसवलं. किल्ली शेठच्या कमरेला. कुलपातून नक्की काय आरपार दिसतं, ते मला अजून उमगलेलं नाही.

कुलूप लागलं तरी डिझेल जातच राहिलं. कुणाही शहाण्याला वाटलं असतं, की मग चोरी नसावी. शेठना वाटलं, चोर हुशार आहे.

"काका, उद्यापासून येऊ नका."

"शेठ, टाकी तुमच्या कुलपात. मी काय मंत्र मारून डिझेल काढतो?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

शेठ एवढ्यावर थांबले नाहीत. ओळखीच्या मालकांना फोन लावून सांगितलं, याला गाडी देऊ नका, हात मारतो. काका घरी बसले. ज्या दारात जावं तिथे आधी शेठचा फोन पोचलेला. ताई तेव्हा पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत होती.

गाडीवर आला शेठचा सख्खा मेव्हणा. पाय तसाच, शिट्टी तशीच, धूर तसाच. पहिल्याच खेपेनंतर टाकीत डोकावून शेठ ओरडले, "म्हणजे हाही..."

दारात शेठाणी उभ्या होत्या. "हाही काय? पुरं करा की वाक्य."

शेठनी टाकीचं झाकण लावलं. "हाही म्हणतो, गाडीतच काहीतरी बिघाड असेल."

असा शोध लागला. बायकोचा भाऊ चोर असू शकत नाही, म्हणून बॉनेट उघडलं गेलं.

अड्ड्यावरच्या मेस्त्रीनं माझ्या वाटेची दोन्ही तोंडं बंद केली, कॉम्प्रेसरची हवा भरली आणि साबणाचं पाणी शिंपडलं. माझ्या पोटाखालून फेस उसळला.

"हे आधी का नाही रे बघितलंस?" शेठ.

"तुम्ही सांगितलंत डिझेल कुठे जातं ते बघ. मी टाकी बघितली, काकांची सीटसुद्धा उचलून बघितली. हवा कुठे जाते, ते कुणी विचारलं?"

ताईनं शेठच्या कमरेची किल्ली घेऊन टाकीचं कुलूप काढलं. मग म्हणाली, "बाबा, काकांना बोलवा. आणि ज्यांना फोन केलेत त्यांना परत करा."

"कशाला? नळी सापडली, झालं. आता शब्द मागे घेतला तर बाजारात मला कोण विचारेल?"

"आणि काकांना कोण विचारेल?"

"मिळेल त्यांना काहीतरी. चांगला माणूस आहे."

चांगला माणूस आहे, हे शेठना आधीपासून माहीत होतं म्हणे. मला मात्र त्यांनी भंगारात फेकलं. फाटले होते, रीतसर तपासून फेकलं, माझी तक्रार नाही. एवढंच मागणं आहे: तुमची जुनी गाडी काळा धूर टाकू लागली, तर माणसाचा खिसा चाचपण्याआधी साबणाचं पाणी करा. फेस खोटं बोलत नाही, आणि त्याला कुणाचा मेव्हणा कळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई भंगाराच्या ढिगाशी आली. मला उपसून काढलं, तेल ठिबकत होतं तरी काखेत धरलं. शेठ दारात दात घासत होते.

"तो कचरा घेऊन कुठे चाललीस?"

"तुम्ही ज्यांना फोन केलेत, त्या सगळ्यांकडे. नळी दाखवते आणि सांगते, काकांनी काही नेलं नव्हतं. मग काकांच्या घरी जाते."

"अगं, लोक हसतील मला."

"हसतीलच," ताई म्हणाली. "काकांना तर चोर म्हणतात." आणि मला घेऊन ती फाटकाबाहेर पडली.