विलायतेतल्या दोन वस्त्या

देवरावांचं पत्र शनिवारी आलं. मी कापसाची सरकी काढायच्या जिनातून नुकतीच घरी आले होते. डोक्यात रुई, नाकात रुई, आणि पाय इतके दुखत होते की आधी उंबऱ्यावर बसले, मग पत्र फोडलं. देवराव म्हणजे माझा नवरा. नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात; पण माणूस दोन वर्षं समुद्रापलीकडे बर्मिंगहॅमला जाऊन राहिला तर त्याला ‘अहो’ म्हणून हाक तरी कोणत्या दिशेला मारायची?

पत्रात लिहिलं होतं की आमचे कागद झाले. माझे आणि विशाखाचे, म्हणजे आमच्या आठ वर्षांच्या मुलीचे. उन्हाळ्यात निघायचं. त्याआधी मी एक गोष्ट ठरवून कळवायची होती, ती म्हणजे शहरातल्या कोणत्या वस्तीत राहायचं. त्यांनी दोन जागा पाहून ठेवल्या होत्या आणि दोन्ही घरमालक महिना-दीड महिना थांबायला तयार होते. ‘घरात दिवसभर तुला राहायचं आहे. मी कारखान्यात असतो. तू सांगशील तसं,’ असं लिहिलं होतं.

मला रागच आला. दोन वर्षं तिथं राहून ह्यांना ठरवता येत नाही, आणि मी ठरवायचं! मी दिग्रसच्या बाहेर पाहिलं काय, तर नणंदेचं फुलसावंगी आणि एकदा यवतमाळचा दवाखाना. नुसतं ‘इथं राहू’ असं लिहिलं असतं तर मी मुकाट्यानं गेले असते. थकलेल्या बाईपुढे दोन वाटा ठेवून ‘तुला हवी ती घे’ म्हणणं, यात कसला आलाय मान?

पहिली वस्ती आपल्या लोकांची. बरेचसे पंजाबी आणि गुजराती, दोन-तीन घरं मराठी. दुकानात तुरीची डाळ मिळते, मिरची मिळते. दुपारी बायका एकमेकींच्या घरी बसतात. दुसरी वस्ती गोऱ्यांची. रस्ते झाडलेले, शाळा चांगली. घरमालकीण म्हातारी विधवा आहे आणि आपल्या माणसाला खोली द्यायला नाही म्हणत नाही, एवढ्यावरच देवराव तिचं कौतुक करत होते. ‘पण तिथं कोणी कोणाशी बोलत नाही. मी एका रविवारी मुद्दाम त्या रस्त्यानं फिरलो. तीन माणसं भेटली. तिघांनी आकाशाकडे पाहून हवेबद्दल काहीतरी म्हटलं आणि निघून गेली.’

वाचता वाचता मी मनातल्या मनात पहिली वस्ती घेऊनही टाकली. माझी जीभ घरात, नळावर, जिनात कुठंच थांबत नाही. यंत्रांच्या खडखडाटात बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं, नाकातोंडावर पदर बांधलेला असतो, तरी मी बोलते. दिवसभर कापसाचे टोपले उचलणाऱ्या बाईला तेवढाच तर विसावा.

पण पत्राच्या शेवटी बारीक अक्षरात आणखी थोडं होतं.

‘पहिल्या वस्तीत एक अडचण आहे. मी इथं आलो त्या आठवड्यात त्याच वस्तीतल्या माझ्या घरमालकानं विचारलं, तुम्ही कोणते? बारा तास काम करून आलो होतो. तोंडातून मराठा निघून गेलं. ते अजून तसंच चालू आहे. तिथं राहिलो तर तुलाही तेच सांगावं लागेल. बायका घरात येतात, देव पाहतात. फळीवर चार देव मांडावे लागतील आणि बुद्धाचा फोटो पेटीत ठेवावा लागेल. दुसऱ्या वस्तीत कोणी विचारत नाही. त्यांच्या लेखी आपण सगळे सारखेच काळे.’

“काय लिवलं पोट्ट्यानं?” ओसरीवरून सासऱ्यांनी विचारलं. मी त्यांना मामाजी म्हणते. त्यांचं नाव डोमाजी. सत्तरीला आलेला माणूस, गुडघे गेलेले, दिवसभर बसून दोर वळत असतात. मी मोठ्यानं पत्र वाचलं आणि बारीक अक्षरापाशी थांबून घडी घातली. म्हटलं, एवढंच हाय.

पुढचं वाचायची माझी छातीच झाली नाही. छप्पन साली बुद्धाचा धर्म घेतला तेव्हा ह्याच माणसानं घरातले देव स्वतःच्या हातानं नदीत सोडले होते. माझ्या लग्नाला तेव्हा वर्ष झालं होतं, मी बरोबर होते. त्यात त्यांच्या आईचे चांदीचे टाकही होते. सोनाराकडे द्या म्हणून लोकांनी सांगून पाहिलं. हे कंबरभर पाण्यात गेले, एकेक टाक सोडला आणि ओल्या धोतरानंच घरी आले. मेलेली ढोरं ओढायची त्यांनी त्याच आठवड्यात सोडली, तर गावानं वर्षभर काम दिलं नाही. तेव्हाही ते असेच ओसरीवर बसून दोर वळत होते.

सोमवारी जिनात ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, कारण मीच ती पसरवली. बारीक अक्षराची सोडून. बायकांनी बर्मिंगहॅम म्हणजे दिग्रसचाच एखादा मोहल्ला असावा तसा सल्ला दिला. एकीनं विचारलं, पाणी कुठून जवळ पडते. दुसरीनं विचारलं, अंगणात ऊन येते का, वाळवण कुठं घालशीन. माझ्या शेजारी कापूस टाकणारी कौसल्या तेवढी शहाण्यासारखं बोलली.

“आपल्या माणसाइतच राहाय वं. परक्या मुलखात ताप आला तं पेज तरी कोण देईन तुले?”

“मीबी तेच म्हणून राह्यली,” मी म्हटलं.

मामाजींचा प्रश्न मात्र वेगळाच होता. दोन दिवस ते दोर वळत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “तिथं वारा कोणीकडून येते?”

“मले काय ठाव, मामाजी?”

“त्याले इचार. गावानं आपल्याले उगवतीले कायले ठेवलं? वारा मावळतीकून येते. आदी त्याईच्या घरावरून, मंग आपल्या. आपल्या अंगावरचा वारा त्याईले लागू नये म्हून. बापजाद्यापासून उष्टा वारा खाल्ला आमी. माहा पोरगा तेवढ्या दूर जाऊनबी उगवतीलेच राहाते का काय, ते पाहू दे मले.”

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. मी देवरावांना तसं लिहून विचारलं. खरं सांगायचं तर मला बरंच वाटलं. जायला दहा दिवस, यायला दहा दिवस. तेवढे दिवस मला काही ठरवायला नको होतं. टोपले उचलायचे, भाकरी थापायच्या, झोपायचं.

बावीस दिवसांनी उत्तर आलं. ‘बाबांना सांग, इथंही वारा बहुतेक मावळतीकडूनच येतो. कारखान्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारून घेतलं. आपल्या लोकांची वस्ती कारखान्यांच्या भट्ट्यांच्या उगवतीला आहे. वाळत घातलेले कपडे संध्याकाळी काळे होतात. गोऱ्यांची वस्ती मावळतीला आहे, तिथं धूर जात नाही. आता लवकर कळव. मालक जास्त थांबणार नाहीत.’

मामाजींनी दोर खाली ठेवला. “म्हंजे इंग्रजाइलेबी कोणी शिकवा लागलं नाही,” ते म्हणाले. ते गुडघे चोळायला लागले. आता हे दुसऱ्याच वस्तीचं नाव घेणार, अशी मी मनाची तयारी केली.

“तरी तू पयलीच घे,” ते म्हणाले.

“काहून? तुमीच तं वाऱ्याचं म्हणत होते.”

“धूर धुता येते, पोरी. न बोलता तू किती दिवस काढशीन? तुही सासू गेल्यापासून या घरात बोलणारी तूच एक. मी आयकत राह्यतो म्हून माहा दिवस जाते. तिथं त्या गोऱ्याइत तू मुकी होऊन मरशीन.”

माझ्याबद्दल असा विचार आजवर कोणी केला नव्हता. आणि मी ह्या माणसापासून अर्धं पत्र लपवून ठेवलं होतं. आम्ही गेल्यावर त्यांना फुलसावंगीला लेकीकडे जाऊन राहायचं होतं; म्हणजे त्यांच्या घरातलं बोलणंही मीच घेऊन चालले होते. मला माझीच लाज वाटली. मी जुनं पत्र काढलं आणि बारीक अक्षर त्यांना वाचून दाखवलं. ‘मराठा’पासून ‘सारखेच काळे’पर्यंत सगळं.

वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच थोडे वाकले. मग म्हणाले, “थकला असन पोरगा. बारा तासानं माणूस काईबी बोलते.”

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “तुले पूजा येते काय?”

“नाही. कधी शिकलीच नाही.”

“मंग पकडली जाशीन पयल्याच दिवशी. आन ते ताटली.”

मी ताटली आणली. मामाजींनी ती पुढे ओढली आणि रिकाम्या ताटलीवर मला पूजा शिकवायला लागले. “देव सांगाचे खंडोबा अन भवानी. मरीमाय आपल्या मोहल्ल्याची, तिचं नाव काढू नोको, तेवढ्यानं वळखतीन. सकायी आंघोळीबिगर दिव्याले हात नाही लावाचा. कुंकू ह्या बोटानं, करंगळीजवळच्या. निवद ठेवाच्या आदी पाण्यानं चौकोन काढाचा, असा.” त्यांनी बोट पाण्यात बुडवून जमिनीवर चौकोन काढला. एकही गोष्ट ते विसरले नव्हते. दहा वर्षांत एकदाही न केलेलं सगळं त्यांच्या बोटांत तसंच होतं.

“अन कोनी कुलदैवत इचारलं तं—”

“आबा!” विशाखा शाळेतून येऊन दारात उभी होती. “तुमी पूजा करून राह्यले?”

मामाजींनी ताटली झटकन पाठीमागे लपवली. चोरी सापडलेल्या पोरासारखी. जमिनीवरचा पाण्याचा चौकोन त्यांनी तळहातानं पुसला, पुन्हा पुसला, आणि नातीकडे न पाहता म्हणाले, “नाही वं बाई. तुह्या मायले गंमत दाखवून राह्यलो.”

सगळ्या गावासमोर ज्यानं मान खाली घातली नाही, तो माणूस आठ वर्षांच्या पोरीसमोर खाली पाहत होता. आणि ते कोणासाठी? तर माझ्या जिभेला दुपारी चार बायका मिळाव्यात म्हणून. विशाखा काही न कळून आत गेली. तिलाही हे सगळं शिकावं लागलं असतं: कोणतं नाव घ्यायचं, कोणतं गिळायचं, कोणता फोटो दाखवायचा आणि कोणता नाही.

मी त्यांच्या पाठीमागून ताटली काढून घेतली. “नोको मामाजी. मी दुसरी घेते. गोऱ्याइची.”

“अन बोलशीन कोणासंग?”

“नाही बोलणार. गप राह्यन.”

“तू? अन गप?” ते हसले. हसता हसता त्यांना खोकला आला आणि मग त्यांनी डोळे पुसले. ते खोकल्यानं पुसले असं आम्ही दोघंही धरून चाललो.

त्याच संध्याकाळी मी विमानटपालाच्या निळ्या कागदावर लिहिलं: ‘दुसरी जागा घ्या. बुद्धाचा फोटो मी बरोबर आणते.’ आणखी लिहायला जागा बरीच उरली होती. मी कागद तसाच चिकटवला.

दुसऱ्या दिवशी जिनात मी न बोलता काम करून पाहायचं ठरवलं. सवय आतापासूनच लावलेली बरी. सकाळी आल्याआल्या कौसल्यानं काहीतरी विचारलं, मी मान हलवली. मुकादम ओरडला, एरवी मी त्याला चार शब्द परत दिले असते, तेही दिले नाहीत. एका बाईच्या घरी नातू झाला होता. ती सगळ्यांना सांगत माझ्यापाशी आली, मी तिच्याकडे पाहून हसले आणि टोपलं उचललं. ती थोडी थांबली आणि पुढे गेली. यंत्रं चालत राहिली. सकाळ इतकी लांब असते हे मला माहीत नव्हतं.

दुपारचा भोंगा झाला. भाकरीचं फडकं सोडून बसलो तेव्हा कौसल्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. “बरं नाही का वं तुले? आज एक शब्द नाही बोल्ली.”

‘बरं आहे’ म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडू फुटलं. पोटातलं सगळं तिला सांगावंसं वाटत होतं. पण तिथं अशी कौसल्या शेजारी नसणार होती; मी पदरानं डोळे पुसले आणि भाकरी मोडली.