वाकड्या बोटाचा दागिना

मित्रांनो, चेंडू म्हणावा तर मी गोल नाही. दोन्ही टोकांना निमुळता, पोटावर पांढरी शिवण, रंग मातीचा. आता तर अंगाला सुरकुत्याही पडल्या आहेत. बालाघाटकडच्या रामपायलीजवळच्या या गावात मी इथल्याच संघमित्राबरोबर पहिल्यांदा आलो, तेव्हा पारावर बसलेल्या सुखरामनं मला उलटापालटा करून पाहिलं.

"पपईले टाके काहून मारले वं, संघमित्रा?"

"बॉल हाये तो, काका."

"मंग असा लंगडत काहून लोळते?"

"लोळाले नाही बनवला त्याले. उडाले बनवला."

माझा खेळ मूळचा अमेरिकेचा. तिकडे एकमेकांना धडका देतात. आमच्या मुली कमरेला रिबिनी लावून खेळतात. पळणारीची रिबीन ओढली, की तिनं थांबायचं. एकजण मला लांब भिरकावते, दुसरी वाऱ्यासारखी पळत जाऊन वरच्यावर झेलते. त्या झेलणारीला रिसीव्हर म्हणतात.

संघमित्रासारखी झेलणारी मी पाहिली नाही. तिचे हात धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे बांध घातलेल्या शेतांत तयार झाले होते. रोवण्याच्या दिवसांत बांधावरून रोपांच्या पेंड्या फेकतात आणि चिखलात उभ्या बाया त्या झेलतात. पेंडी छातीवर घेतली तर लुगडं चिखलानं माखतं, म्हणून संघमित्रा ती बोटांच्या टोकांवर घ्यायची, अलगद. तिची आई गायची:

बांधावरून पेंडी आली, जशी साळुंकी उडाली,
झेल वं माह्या बाई, तुही ओंजळ हिरवी झाली.

एका राष्ट्रीय स्पर्धेत तिनं इतके झेल घेतले, की तोवर कोणत्याच मुलीनं तितके घेतले नव्हते. शेवटच्या सामन्यात मी फार जोरात आलो. तिच्या उजव्या हाताचं बोट कट्कन वाजलं. टाळ्यांच्या गजरात तो आवाज तिला आणि मलाच ऐकू आला. तिनं मला सोडलं नाही. रेषेपलीकडे गेली, हसली आणि हात पाठीमागे लपवला. बोट तसंच वाकडं जुळलं. माझ्यावर शाईनं तिचं नाव लिहून मला तिच्याच हवाली केलं.

त्यानंतर ती फारशी खेळली नाही. मी कपाटावर हवा जाऊन मऊ पडलो. काही वर्षांनी तिनं पंप मारून मला उठवलं आणि गावातल्या मुलींना शिकवू लागली. मुली तिच्या बोटाकडे पाहत. ती हसून म्हणे, "हा माहा दागिना हाये. हात दुखला तं दुखू द्या, तोंड नाही दुखलं पाह्यजे."

मुलींना ते फार आवडलं. गावातली शेवंताबाई गोंदणाबद्दल सांगायची, गोंदताना पोरगी रडली तर गोंदण फिकं उठतं. मुलींनी ताईचं बोटही तसंच मानलं. जी गप्प सोसते, तिलाच हा दागिना मिळतो.

शेवंताबाईची नात मयुरी सगळ्यांत चपळ. जबलपूरला राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. त्याच्या थोडे दिवस आधी मी तिच्या हातात शिरलो आणि पुन्हा तोच आवाज झाला. मित्रांनो, मला तोंड असतं, तर मी ओरडलो असतो. मयुरीनं रिबिनीनं दोन बोटं एकत्र बांधली आणि धाकट्या दीप्तीला हळूच म्हणाली, "मले बी दागिना भेटला. ताईले नको सांगू."

ताई जवळ आली की ती हात पाठीमागे घ्यायची, आणि झेलत राहिली. मी तिच्या हातात जात राहिलो.

मग एका दुपारी शेवंताबाई मैदानावर आली. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाचे, हातात मयुरीचं मनगट.

"मास्तरीण, इकडं पाह्य. सकाळपासून एक पेंडी नाही झेलली पोरीनं. मले वाटलं, आळस करून राह्यली."

तिनं बोटांवरची रिबीन सोडली. बोट जांभळासारखं सुजलं होतं.

"काहून नाही सांगितलं वं, मयुरी?" संघमित्रा म्हणाली.

"तुम्ही बी तं नोहतं सांगितलं, ताई."

संघमित्रा तिच्यासमोर खाली बसली. मग तिनं उजवा हात पुढं केला आणि मूठ मिटू लागली. मूठ मिटेना. वाकडं बोट एकटं बाहेर राहिलं.

"हा दागिना नोहे, पोरींनो. याच्यानं मले धड रोप बी नाही रोवता येत. खेळ मी सोडला नाही, यानं सोडवला. लाज वाटे, म्हून तुमाले झूठ सांगत राह्यली."

तिनं मयुरीला गाडीवर बसवून बालाघाटच्या दवाखान्यात नेलं. बोटात तार घालावी लागली. जबलपूर हुकलं. निवडीच्या दिवशी मयुरी भिंतीकडे तोंड करून झोपली होती, असं दीप्तीनं सांगितलं. ते ऐकून संघमित्रानं मला कोपऱ्यात ठेवलं आणि पोरींना मैदान बंद झाल्याचं सांगून टाकलं. मला वाटलं, बरं झालं. माझ्या टोकांनी आणखी कोणाचं बोट मोडायला नको.

पण शेवंताबाई दारात येऊन बसली.

"रुसून बसशीन तं मयुरीचं बोट सरळ होईन का?"

"माह्यानं झालं ते, आजी."

"हौ, तुह्यानंच झालं. मी कुठं नाही म्हणून राह्यली? पण उलटं शिकवलं तूनं, आता सुलटं बी तूच शिकव. दुसरी कोण येईन?"

मैदान पुन्हा सुरू झालं. मयुरीची मूठ आता मिटते; बोट जरासं तिरकं राहिलं. मैदानावर येताच संघमित्रा आधी तिच्या हाताकडे पाहते आणि मग नजर खाली जाते. ते अजून संपलेलं नाही. मलाही त्या हातात जाताना संकोच होतो.

परवा दीप्तीनं मला झेललं आणि लगेच टाकून दिलं. "ताई, अंगठ्याले लागलं." सगळ्या थबकल्या. संघमित्रा धावत गेली, तिचा अंगठा हातात घेऊन फुंकर घालत बसली. मी घरंगळत बांधाखाली गेलो आणि धानाच्या पाण्यात पडून राहिलो. कितीतरी वेळ मला कोणी शोधलं नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला सांगतात, आम्हाला जपा. मी सांगतो, लागलं तर मला खुशाल टाकून द्या, आणि मोठ्यानं सांगा. मी चिखलात थांबेन.