एर्सिलियाबाईंची कंबर

चौथ्या पायाच्या किंचित वर, कातडीच्या कडेला एक फुगवटा होता. रुंदी सात मायक्रोमीटर, म्हणजे माणसाच्या केसाच्या साधारण एक दशांश. आमच्या किनाऱ्यावरच्या वाळूत राहणाऱ्या जलअस्वलांच्या, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या आठ पायांच्या प्राण्यांच्या, दोन जाती वेगळ्या ओळखायच्या, तर सगळी भिस्त या फुगवट्यावर. बाकी दोघींचं सारखंच: पायांना सहा-सहा बोटं, बोटाच्या टोकाला वाळूचा कण धरून ठेवणारी चकती, मागे एक काटा. फुगवटा नसेल तर ती जुनी, सर्वांच्या ओळखीची जात. असेल तर ‘एर्सिलिया’.

ही जात आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख कताल्दो सर यांनी शोधली. वाळू त्यांच्या सासूबाईंच्या घराखालची होती, म्हणून नाव सासूबाईंचं. तेव्हापासून इटलीतल्या आमच्या तारांतो शहराच्या मासळीबाजारात एर्सिलियाबाई रांगेत उभ्या राहत नसत.

आखातातल्या जाती ओळखण्याचं पुस्तक मी लिहीत होते. ते दोन वर्षं या दोन जातींमधला फरक सांगणाऱ्या एका ओळीशी अडलं होतं, आणि कारण होतं नेलपॉलिश.

काचपट्टीवर प्राणी ठेवून वर पातळ काच बसवली, की आम्ही तिच्या कडा नेलपॉलिशनं बंद करतो. माझं बिनरंगी. सरांचं लालभडक, कारण एर्सिलियाबाईंचं केस कापायचं दुकान बंद झालं तेव्हा उरलेल्या बाटल्या जावयाकडे आल्या. एके दिवशी माझ्या लक्षात आलं, की फुगवटा असलेल्या सगळ्या पट्ट्यांच्या कडा लाल आहेत. मग मी एकाच मुठीतल्या वाळूतले प्राणी आम्हा दोघांत वाटले. माझे सडपातळ निघाले. सरांचे सगळे कमरेत सुटलेले.

“सर, काच बसवताना तुम्ही अंगठ्यानं दाबता.”

“बघू नंतर.”

“छापखाना थांबलाय.”

“रोझाल्बा, तुझं लग्न झालेलं नाही. ही अडचण तुला सूक्ष्मदर्शकातून दिसायची नाही.”

शेवटी एर्सिलियाबाईच प्रयोगशाळेत आल्या. हातात ऑक्टोपसच्या रश्श्याचं भांडं, अंगावर ठेवणीतला झगा. पुस्तकात त्यांचं पान असणार होतं, तर आधी स्वतःला बघून घ्यावं, म्हणून. इतकी वर्षं मिरवूनही त्यांनी तो प्राणी कधी पाहिला नव्हता.

मी त्यांना आधी बिनरंगी कडेची पट्टी दाखवली.

“अगं बाई, किती नाजूक! ही मी ना?”

“नाही, ही जुनी जात.” मी पट्टी बदलली. “या तुम्ही.”

त्या बराच वेळ डोळा लावून होत्या. मग मान वर न करताच म्हणाल्या, “जावईबापू, ही कोण ढोली?”

“आई, तो फुगवटा म्हणजे तिची ओळख...”

“ओळख? कमरेवरची वळी ही माझी ओळख? अख्ख्या बाजाराला सांगत फिरले मी! एवढा समुद्र पडलाय, त्यात तुला माझ्या नावाला हीच सापडली?”

“ती जाड नाहीये, आई.”

“माझे डोळे शाबूत आहेत, कताल्दो.”

“जाड नाही. दाबली गेलीय.”

“कोणी दाबली?”

सरांनी उजवा हात खिशात घातला. एर्सिलियाबाईंनी आता मान वर केली.

“म्हणजे मुळात ही त्या पहिलीसारखीच बारीक?”

“अगदी तशीच.”

“हं.” त्यांचा चेहरा जरा निवळला. मग पुन्हा कपाळाला आठी. “तशीच आहे, तर मग मी कुठली आणि ती कुठली, हे लोकांनी ओळखायचं कसं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या अडलेल्या ओळीवर पेन टेकवून बसले होते. मदत मिळणार नाही, हे त्यांना कळलं असावं. त्यांनी रश्श्याचं भांडं उचलून सासूबाईंच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवलं आणि घसा खाकरला.

“ओळखायचं नाही, आई. दोन्ही एकच आहेत. एर्सिलिया नावाची जातच नाही.”