पूजेतल्या दोन स्टिक

खंडेनवमीला आमच्या घरातली सगळी हत्यारं पूजेला बसतात. विळा, कुऱ्हाड, बाबांची मेंढरं कातरायची कातर. दसऱ्याला माय उठवीपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. यंदा त्यांच्या शेजारी ताईच्या दोन्ही हॉकी स्टिक होत्या, हळदीकुंकू लावलेल्या.

ताई म्हणजे दीपमाला. दोन ऑलिम्पिक खेळलेली, आमच्या माकणी गावच्या शाळेच्या भिंतीवर जिचं चित्र आहे ती. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती गावीच होती. डॉक्टरांनी आता खेळायला परवानगी दिली होती आणि दसऱ्यानंतर लगेच बंगळुरूला निवड चाचणी होती. ती हुकली की तिसरं ऑलिम्पिक विसरायचं, हे आमच्या शेरडांनासुद्धा पाठ झालं होतं.

तरी बाईसाहेब सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या घालत होत्या. ओसरीतून अंगणात, अंगणातून ओसरीत. बॅग भरली, उपसली, परत भरली. चहा गार करून ठेवला. तिच्याकडे बघूनच मला दम लागला.

दुपारी शाळेतल्या मुली आल्या. "ताई, एक फटका मारून दाखवा की!"

"पूजेत हायत गं. हात लावता येत न्हाय," ताई म्हणाली आणि चक्क हसली. दिवसभरात पहिल्यांदाच. मला काही ते हसू आवडलं नाही.

मुली गेल्यावर मी तिला गाठलं. "पूजेला एक पुरली असती. दोन्ही कशाला ठेवल्यास?"

"मायनं ठेवल्या."

"म्या?" माय चुलीपुढून उठून आली. "आगं, तूच आणून ठिवल्यास की. मला वाटलं हौसेनं ठिवल्यास."

ताईचं तोंड उतरलं. "वळताना गुडघा सटकतोय," ती म्हणाली. "कुणाला सांगितलं न्हाय. आज खेळले असते, तर खरं काय ते कळलं असतं."

मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं. माय मात्र सरळ देवघरात गेली आणि एक स्टिक कुंकवासकट उचलून घेऊन आली. उभ्या जन्मात तिनं असं केलं नव्हतं.

"देवीच्या आड लपू नगंस. घे."

ताईनं अंगणात चेंडू टाकला. पहिलं वळण तिनं असं झोकात घेतलं की मी ओरडणारच होते. दुसऱ्या वळणाला गुडघा सटकला आणि ती धुळीत बसली.

"कळलं," एवढंच म्हणाली आणि ढसाढसा रडली.

माय शेजारी टेकली. "तुझ्या बाबांनी कातर सोडून लई सालं झाली. हात थरथरत्यात त्यांचे. पर पूजेला ती असतीयाच न्हवं?"

मायच्या पदराला तोंड पुसून ताई उठली. लंगडत आत गेली आणि स्टिक बाबांच्या कातरीशेजारी होती तशी ठेवून आली. मग तिनं कोचना फोन लावला.

"सर, मी चाचणीला येत नाही."

बोलून होईपर्यंत ती एका जागी उभी होती.