माझ्या टोकांवरची हळद

मी एक जुना पांढरा पट्टा आहे. तायक्वांदो शिकायला आलेल्या मुलांच्या कमरेला सगळ्यात आधी मला बांधतात. मित्रांनो, आता स्वतःला पांढरा म्हणवताना मला जरा अवघडल्यासारखं होतं, कारण माझी दोन्ही टोकं पिवळट तांबूस आहेत. पण ते डाग कसे पडले हे कळलं, तर तुम्ही मला हसणार नाही.

कारखान्यात माझ्यावर शिलाईच्या ओळींवर ओळी मारल्या आणि मी चांगला जाडजूड झालो. मग शिनोलीला अश्विनीताईंच्या पेटीत पडून राहिलो. ताई रविवारी देवळाच्या सभामंडपात वर्ग घेतात. वर्गात त्यांना 'साबमनीम' म्हणायचं, म्हणजे गुरुजी. 'चार्योत' ऐकलं की ताठ उभं राहायचं, 'क्योंग्ने' ऐकलं की कमरेतून वाकून नमस्कार करायचा. हे सगळे शब्द कोरियन. ताईंनी मला तळेघरच्या समृद्धीच्या कमरेला बांधलं आणि माझं नशीब उघडलं.

समृद्धी एस.टी.त बसूनही शब्द घोकायची. घरी भागूआजी भाकरी थापायची आणि ही टोपल्यातल्या भाकरी मोजायची, "हाना, दुल, सेत." काही दिवसांनी आजीही तशाच मोजू लागली. पट्ट्यांच्या रंगांचा अर्थ तर समृद्धीला एकदाच सांगावा लागला. पांढरा म्हणजे अजून काही पेरलेलं नाही, पिवळा म्हणजे बी रुजते ती जमीन, हिरवा म्हणजे वर आलेलं रोप. भाताच्या खाचरात वाढलेल्या पोरीला यात अवघड ते काय?

ताईंचा एक नियम मात्र कडक होता. परीक्षेत मिळवलेलाच रंग बांधायचा. थोरल्या भावाचा हिरवा पट्टा बांधून पप्पू ऐटीत आला, तेव्हा त्याला आल्या पावली घरी जावं लागलं होतं.

पिवळ्या पट्ट्याची परीक्षा आली. आदल्या संध्याकाळी भागूआजीने मला खुंटीवरून काढलं. नव्या कापडाला हळदीचं बोट लावल्याशिवाय ते अंगाला लावू नये, असं ती मानते. माझं ते राहूनच गेलं होतं. तिने हळद कालवली आणि माझ्या दोन्ही टोकांना मायेने लावली. तिची बोटं खरखरीत होती, पण मला फार बरं वाटलं.

सकाळी मला बघून समृद्धीला घरी पाठवलेला पप्पूच आठवला. तिने घाईघाईने साबण चोळला, तर हळद तांबडी होऊन आणखीच पसरली. आजी दारात उभी होती.

"म्या वंगाळ केलं का गं?" तिने विचारलं.

समृद्धीने साबण खाली ठेवला. "न्हाई आजी. ऱ्हाऊ दे."

परीक्षा हुकली असती तर पुढची थेट भाताच्या आवणीत, म्हणजे रोपं लावायच्या दिवसांत होती, आणि आवणी सोडून तळेघरचं कोण कुठे जातं? वाटभर तिने मला मुठीत गच्च धरलं होतं.

सभामंडपात बाहेरगावचे परीक्षक तिच्यापुढे थांबले.

"पट्ट्याला हे काय लागलंय?"

"हळद, सर. आजीनं लावली. म्या धुवाया गेले तर आजीला वाईट वाटलं, म्हनून ऱ्हाऊ दिली."

"मग हा पट्टा पांढरा की पिवळा?"

"पांढराच हाय, सर. पिवळा म्हंजी जमीन. ती अजून मिळवायची हाय."

परीक्षकांनी एकदा ताईंकडे बघितलं. मग खड्या आवाजात म्हणाले, "चार्योत." समृद्धी ताठ उभी राहिली. परीक्षा सुरू झाली होती.

संध्याकाळी ती पिवळा पट्टा घेऊन घरी आली. आजीसमोर उभी राहून तिने कमरेतून वाकून क्योंग्ने केला. मग नवा पट्टा आजीच्या मांडीवर ठेवला आणि हळदीचा डबा पुढे सरकवला.

"आजी, आता ह्याला लाव. कितीबी लाव."

आजीने बोट टेकवलं. पिवळ्यावर पिवळं, काहीच दिसेना. दोघी हसत सुटल्या आणि हसता हसता आजीने डोळे पुसले.

मी आता पडवीतल्या दांडीवर असतो. दुपारचं ऊन थेट माझ्यावर येतं आणि उन्हाने हळद उडते. डाग फिके होत चालले आहेत. मित्रांनो, पुढचा पट्टा मिळाला म्हणून पहिला टाकून देऊ नका. आणि कधी तळेघरला आलात, तर मला तेवढं सावलीत सरकवा. भागूआजीची बोटं अजून थोडी दिसतात.