दोन सरिता

रंजूने बांबूचे फाटक उचलून बाजूला सारले आणि विचारायची वाट न पाहता अंगणात पाऊल टाकले. सानगडीहून दिघोरीपर्यंत जीपमध्ये दाटीवाटीने बसून येताना तिने भांडणाची सगळी वाक्ये मनात रचून ठेवली होती. अंगणात एक बाई लाखोळीची भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

“सरिताबाई तुमीच का?”

“इथं मले तुळसा मनतेत. सरिता मननारे सारे सानगडीले रायतेत.” बाईने तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहिले. “तू तिकडचीच दिसते.”

“मी रंजू. मुरारीची...” तिला पुढचा शब्द सापडेना. “मी बी सरिताच हाय.”

भाजीवरचे हात थांबले. मग पुन्हा चालू लागले.

“बस,” तुळसा म्हणाली आणि पायाने एक पोते पुढे सरकवले.

मुरारी नान्हेची ही पहिली बायको, आणि रंजू दुसरी. दोघींचे लग्नातले नाव एकच होते, पण त्यामागे प्रेमबीम काही नव्हते. पहिल्या लग्नानंतर दिवाळीच्या सुमारास भरलेल्या मंडईच्या जत्रेत मुरारीने मोठ्या हौसेने हातावर ‘सरिता’ गोंदवून घेतले. बायको घर सोडून गेली, नाव हातावर राहिले. दुसऱ्या लग्नात ताटातल्या तांदळावर नवरीचे नाव लिहायची वेळ आली, तेव्हा सासू बायाबाईने सोपा मार्ग काढला. गोंदण पुसता येत नाही, सुनेचे नाव काय, कोणतेही चालते! मांडव हसला. रंजूही हसली. एकोणीस वर्षांच्या पोरीला हसण्याखेरीज दुसरे काय सुचणार होते?

आता मात्र तेच नाव तिच्या मुळावर आले होते. मुरारी तलावात जाळे टाकायचा आणि रंजू डोक्यावर टोपले घेऊन गावोगाव मासळी विकायची. उन्हाने मासळी नरम पडली की गिऱ्हाइके भाव पाडायची. बर्फाची पेटी बसवलेली तीनचाकी गाडी घ्यायची आणि थेट साकोलीचा बाजार गाठायचा, हे तिने दोन वर्षांपासून मनात धरले होते. बँकेत गाडीच्या कर्जाचे सगळे जमले होते. ऐन वेळी तिथल्या भूपेंद्रने कॉम्प्युटर तिच्याकडे फिरवला. तिच्या नावावर महिला गटाचे जुने लोन थकलेले होते.

“मी कोनतंच लोन घेतलं नाही,” ती ठणकावून म्हणाली होती.

भूपेंद्र माणूस भला. त्याने खोदून पाहिले. लोनला जोडलेला आधार नंबर दुसऱ्या बाईचा निघाला. नाव तेच, नवऱ्याचे नाव तेच, गाव तेच, म्हणून कॉम्प्युटरने दोघींना एकच समजले होते. “त्या बाईकडून लिहून आणा की लोन तिचं आहे,” तो म्हणाला. “तुमचं नाव मोकळं करून घेऊ, ताई.” घरी मुरारीने मात्र सांगितले, ती चोर आहे, गटाचे पैसे घेऊन पळाली, तिच्या दारात पाय ठेवायचा नाही. रंजू त्याला न सांगता निघाली होती.

“तुमच्या लोनापायी माही गाडी अडली, बाई,” तिने पिशवीतून कागद काढला. “यावर सही द्या. मले बाकी काही नाही पाह्यजे.”

“माह्या लोनापायी?” तुळसा हसली, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. “मले बी दोनदा परत धाडलं बँकेनं. घर शाकाराले पैसे मांगले होते. वसुलीवाले तं भावाच्या दारात येऊन बसत. शेवटी भावजयीनं माही चूल येगळी केली.”

“मंग भरून काहून नाही टाकलं?”

“उचललं असतं तं भरलं असतं वो.” तुळसाने निवडलेली भाजी टोपलीत टाकली. “मी दिवाळीच्या आधी त्याचं घर सोडलं. लोन उचललं चैतात. माहं आधार कार्ड त्याच्याच पेटीत रायलं होतं. मी वसुलीवाल्याले इचारलं, बापा, पैसे घ्याले आलं कोन? तो मने, साकोलीच्या हापिसात नवी नवरी आलती. हातची हळद उतरली नोती. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. सही करून गेली.”

रंजूने नकळत दोन्ही हात पदराखाली घेतले.

साकोली. लग्नानंतर मुरारीने पहिल्यांदा तिला गावाबाहेर नेले ते साकोलीलाच. बस स्टँडवर भजी खाऊ घातली. मग एका हापिसात ओळीने बसलेल्या बायांमध्ये नेऊन बसवले. “नव्या नावानं सही कर,” तो म्हणाला होता, “लगनाची नोंद हाय.” आदल्या रात्री तिने चुलीपाशी कोळशाने ते नाव किती वेळा गिरवले होते! शेजारच्या बाया अंगठा देत होत्या आणि तिचा नवरा तिला सही करायला सांगत होता. केवढा अभिमान वाटला होता तिला त्याचा. तो दारू पिऊन पडला, सासू टाकून बोलली, की ती तोच दिवस आठवून स्वतःची समजूत घालायची. अख्ख्या संसारात तिच्याकडे तेवढा एकच चांगला दिवस होता.

“आन तो कागद,” तुळसा हात पुसत म्हणाली. “करतो सही. माहं नाव तं खराब झालंच हाय. तुही तरी गाडी येऊ दे.”

कागद रंजूच्या हातातच होता. नुसता पुढे करायचा होता. तुळसाने पेनसुद्धा उचलला होता. घरी जाऊन कोणाला काही सांगायची गरज नव्हती, आणि महिन्याभरात गाडी दारात उभी राहिली असती. रंजूने कागदाची घडी केली, पुन्हा घडी केली, आणि मोबाइल काढला.

“भूपेंद्रभाऊ, सानगडीची सरिता बोलतो. तुमचा कॉम्प्युटर नाही चुकला. ते लोन माह्याच सहीचं हाय.”

“काय बोलता, ताई? गाडीची फाइल बंद होईल.”

“होऊ द्या. खोडाचं असन तं दिघोरीच्या बाईचं नाव खोडा. म्यानेजरपुढं सांगाले मी येतो.”

तिने फोन ठेवला. मुरारीशी काय बोलायचे ते तिला अजून माहीत नव्हते. समोर बघायचीही हिंमत होईना.

“बाई, ते नवरी...”

“मालूम हाय मले,” तुळसा म्हणाली. “वसुलीवाल्यानं मोबाइलात त्या दिवशीचा हापिसातला फोटो दाखवला होता. इचारत होता, हे कोन. मी मनलं, ओळखत नाही.”

“पर माह्या लगनात तुमी नोत्या. कसं वळखलं?”

“मंग? सानगडीच्या बाजारात तुले मुरारीसंगं टोपलं घेऊन बसलेली पायली होती.”

“तरी नाही सांगतलं? कायले?”

तुळसाने पेनचे टोपण लावले.

“फोटोत हसत होती तू,” ती म्हणाली. “तुले कोनी सांगतलं नसन, कायची सही हाय मनून.”