निळीवरचं लुगडं

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे हं! माझ्यावर कुणी बाराखडी गिरवलेली नाही, आणि थुंकी लावून पुसलेलं तर मला मुळीच खपणार नाही. मी उन्हाची पाटी. शिकलेली माणसं मला सोलर पॅनेल म्हणतात. पण तुम्ही मला 'निळी' म्हणा. हे नाव मला बनुबाईंनी ठेवलं आणि मला तेच आवडतं.

माझा जन्म दूर उत्तरेतल्या एका कारखान्यात झाला. छत्तीस निळ्याशार चकत्या काचेखाली एकमेकींना जोडल्या, भोवती चौकट बसवली, मधे बिजागरी घातली आणि वर एक मूठ लावली. म्हणून मी बॅगेसारखी मिटते आणि हातात धरून कुठेही नेता येते. ऊन खायचं आणि त्याची वीज करून बॅटरीत भरायची, एवढंच माझं काम. सुरुवातीला मी जमीन मोजणाऱ्या एका पथकाबरोबर डोंगर पालथे घातले. पुढे ते पथक मोडलं, सामानाचा लिलाव झाला आणि साताऱ्याच्या त्या लिलावातून मला हवालदार आकाराम यांनी घरी आणलं.

आकाराम कोरेगावकडचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी फौजेत काढली, त्यातली निम्मी राजस्थानच्या वाळूत. इकडे त्यांच्या बायकोने, म्हणजे बनुबाईंनी, ऊस, दोन म्हशी आणि मुलगा राजवर्धन असा सगळा पसारा एकटीने ओढला. नवरा कसला, वर्षातून दोन महिन्यांचा पाहुणाच! अशाच एका रजेत आकाराम बायकोला सहज म्हणून गेले होते, "विजापूरला गोल घुमट हाय. तिथं एकदा बोललं की सात डाव ऐकू येतं. तुला दावीन कवातरी." ते बोलून विसरले. बनुबाई मात्र विसरल्या नव्हत्या. त्या तोंडातून काढत नव्हत्या, एवढंच.

१९९४ साली आकाराम पेन्शनवर घरी आले आणि त्यांनी दूध डेअरीची एक जुनी मेटॅडोर गाडी घेतली. तिच्यात खाट ठोकली, स्टोव्हला जागा केली, एक ट्यूब आणि एक छोटा पंखा बसवला. झालं फिरतं घर! गाव हसलं. शेजारचे नानासो तर म्हणाले, "आकाराम, चांगलं बांधलेलं घर सोडून डब्यात ऱ्हायला चाललास व्हय रं?" आकारामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मला टपावर उलगडून ठेवलं, माझी वायर गाडीच्या एकुलत्या एक बॅटरीला जोडली आणि बायकोला हाक मारली.

बनुबाई आल्या. त्यांनी माझ्या काचेवरून हात फिरवला आणि विचारलं, "ही काय करती?"

"ही उन्हात काम करती," आकाराम म्हणाले.

मित्रांनो, हे चार शब्द नीट ध्यानात ठेवा. सगळा घोटाळा त्यांनीच केला.

"अगं बाई! दिवसभर उन्हात?" बनुबाई हळहळल्या. "आणि मुकी बिचारी. बोलती बी न्हाई."

तेव्हापासून मी त्यांची निळी झाले. गोठ्यातल्या म्हशींच्या बरोबरीने माझीही चौकशी व्हायला लागली. संध्याकाळी त्या विचारायच्या, "आवं, निळीनं आज किती दूध दिलं?" मग आकाराम मीटरचा काटा बघून सांगायचे, "आज भरून दिलं बघ!" एवढं कौतुक मला त्या मोजणीच्या पथकात कुणी केलं नव्हतं. मी नुसती फुलून जायची.

पुढच्या वर्षी चैत्रात आम्ही विजापूरला निघालो. "चार दिवस येते. म्हशींची आठवण आली तर यष्टीनं माघारी," असा दम भरूनच बनुबाई गाडीत बसल्या. पण कऱ्हाड मागे पडलं आणि त्यांचं तोंड खिडकीबाहेरून आत येईना. माधवनगरला बहिणीकडे मुक्काम झाला. तिथे गिरणीचा भोंगा ऐकून त्या दचकल्या आणि मग स्वतःलाच हसल्या. मिरजेला तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत एक भलामोठा वाळलेला भोपळा दोन्ही हातांनी चाचपून म्हणाल्या, "ह्येवढा भोपळा! सगळ्या भावकीला भाजी झाली असती की!" तंबोरेवाले बुवासुद्धा पोट धरून हसले. चार दिवस होऊन गेले, म्हशींचा विषयच नाही. उलट सकाळी उठून त्याच विचारायच्या, "चला की. आता घुमट किती लांब हाय?"

कवठे महांकाळच्या अलीकडे एका माळावर केरबांचं शेत होतं. केरबा आकारामांचे फौजेतले जोडीदार. त्यांनी आग्रह करून आम्हाला तीन दिवस ठेवून घेतलं. माळावर झाडाचं नाव नाही आणि ऊन असं की भुईवर पाय ठरेना. मला तर मेजवानीच! पण कसली मेजवानी अन् कसलं काय.

दुपारी आकाराम आणि केरबा गावात जुन्या फौजींबरोबर गप्पा छाटायला जायचे. ते गेले की बनुबाई शिडी चढून टपावर यायच्या. मला हात लावायच्या आणि चटका बसला की म्हणायच्या, "भाजली गं माझी बाय!" मग आपलं जुनं लुगडं दुहेरी करून माझ्यावर पांघरायच्या, चारी बाजूंनी खोचायच्या, वर दगड ठेवायच्या. ऊन उतरलं की लुगडं काढून घडी घालायच्या. आकाराम परत येईपर्यंत मी उघडी, जशी सकाळी होते तशी.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी ओरडले असते! पंगत मांडलेली, आणि मला डोळे बांधून बसवलेलं. पण खरं सांगू? त्या लुगड्याला बनुबाईंच्या हातांचा वास होता. मला त्यांचा राग काही येईना.

पहिल्या दिवशी मीटरचा काटा खाली आला. दुसऱ्या दिवशी पंखा कण्हत फिरला. चौथ्या सकाळी आकारामांनी किल्ली फिरवली तर गाडी नुसती 'खट्' म्हणाली आणि गप्प बसली.

आकारामांनी वायरी तपासल्या, बॅटरी तपासली, मला उलटंपालटं केलं. शेवटी कमरेवर हात ठेवून त्यांनी हुकूम सोडला, "मोहीम क्यान्सल! पाटी बाद झाली. गाडी ढकलून चालू करू आणि घरचा रस्ता धरू. हिला मिरजेत भंगारात टाकू."

"आणि घुमट?" बनुबाईंनी हळूच विचारलं.

"पुढं आडरानात बंद पडली तर ढकलंल कोण? तू? घुमट ऱ्हायला आता."

बनुबाई खाली बसून भांडी आवरायला लागल्या. एकच पातेलं त्यांनी तीनदा पुसलं. पंचवीस वर्षं मनात जपलेली एक गोष्ट दोन दिवसांच्या वाटेवर येऊन हुकली होती. आणि मी? मी भंगाराच्या वाटेला लागले होते. माझ्या छत्तीसच्या छत्तीस चकत्या थरथरत होत्या, पण कुणाला सांगू?

तेवढ्यात केरबांनी विचारलं, "पर गड्या, ही पाटी चालती तरी कशावर?"

"उन्हावर!" आकाराम वैतागून म्हणाले. "ऊन हाच हिचा चारा. जेवढं कडक ऊन, तेवढं जास्त दूध. आणि ह्या माळावर उन्हाला काय तोटा हाय व्हय?"

बनुबाईंच्या हातातलं पातेलं खाली पडलं. त्या उठून उभ्या राहिल्या. तोंडाला पदर लावला, मग काढला.

"आवं," त्या म्हणाल्या, "तिला काय बोलू नगा. तिची काय चूक न्हाई. मीच तिला रोज दुपारी लुगड्यानं झाकत हुते."

"झाकत हुतीस? आणि ते कशाला?"

"तुमीच म्हणला की, ही उन्हात काम करती! मला वाटलं, ऊन सोसती बिचारी. तुमी बी तिकडं वाळूत उन्हात उभं ऱ्हायलात इतकी वर्सं. तवा काय मला येता आलं न्हाई सावली धराय. हिला तरी झाकावं म्हटलं."

केरबांना एकाएकी बैलांना पाणी पाजायची आठवण झाली आणि ते निघून गेले. आकारामांनी टोपी काढून डोळे पुसले आणि मग असे हसले, असे हसले, की गाडीचं दार वाजलं.

"येडे," ते म्हणाले, "ती सावली मला तवा मिळाया पायजे हुती. हिला नगं. हिच्या म्होरलं ताटच तू झाकून ठिवलंस की गं!" मग माझ्याकडे वळून त्यांनी कडक सलाम ठोकला. "निळे, चुकलं गं माझं. तुला उगंच बाद ठरवली."

माझा जीव भांड्यात पडला.

पुढचे दोन दिवस बनुबाई माझ्याजवळून हलल्या नाहीत. मला खाली अंगणात घेतलं. सूर्य सरकला की मलाही सरकवायच्या, धूळ बसली की मऊ फडक्याने टिपायच्या. तेच लुगडं आता त्यांच्या डोक्यावर होतं. मी पोटभर ऊन खाल्लं, मित्रांनो! आणि तिसऱ्या सकाळी गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

विजापूरला मी बाहेरच, टपावर होते. घुमटात काय झालं ते मी पाहिलं नाही. पण परत आले तेव्हा आकारामांचे कान लाल झाले होते आणि ते कुणाकडे बघत नव्हते. बनुबाई मात्र शिडी चढून थेट माझ्याजवळ आल्या. "निळे," त्या कुजबुजल्या, "नाव घेतलं गं मी त्यांचं! बिनउखाण्याचं. सात डाव माघारी आलं."

त्यानंतर आम्ही पुष्कळ हिंडलो. पुढे आकारामांचे गुडघे धरले आणि गाडी विकली गेली. राजवर्धन गुणाचा पोरगा. त्याने मला कुठे ओरखडा पडू नये म्हणून जाड गोधडीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. दोन वर्षं मी काळोखात काढली. काच शाबूत, चौकट शाबूत, आणि मी उपाशी. एक दिवस बनुबाई काहीतरी शोधत माळ्यावर आल्या आणि गोधडी उघडताच ओरडल्या, "आरं राजवर्धन, हिला उपाशी का मारतोस?"

आता मी गोठ्याच्या छपरावर असते. एका कोपऱ्यातल्या चकत्या पिवळ्या पडल्यात, दूध पहिल्यासारखं येत नाही. पण गोठ्यातला एक दिवा मी अजून लावते.

मित्रांनो, मला कुणी मारलं नाही, फेकलं नाही. माझे हाल झाले ते मायेनेच झाले. म्हणून एवढंच मागते: कुणालाही जपायला निघालात, वस्तू असो की माणूस, तर आधी त्याला काय हवं ते विचारा. आमच्यासारखी मुकी असतील तर जाणत्याला विचारा.

बनुबाई आता रोज तेच करतात. सकाळी मला पुसून सूर्याकडे वळवतात, मग आकारामांची खुर्ची उचलून लिंबाखाली नेतात. आकाराम कुरकुरतात, म्हणतात मी बसतो की हितंच. त्यावर बनुबाईंचं उत्तर ठरलेलं असतं.

"ऊन तिला. तुमी सावलीत बसा. लय वर्सांची ऱ्हायलीया तुमची सावली."